रोममधल्या गंगेच्या काठी

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं युरोपच्या सहलीला गेलो होतो. मी, हे आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली लेक. कित्येक वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून केलेली सहल, त्यामुळे जे जे दाखवतील ते ते डोळे भरून पाहायचं असं ठरवूनच निघालो होतो. पण टूर कंपनीबरोबरच्या सहली कशा असतात ते ज्यांनी केल्यात त्यांना सांगायला नको. सकाळी सातला नाश्ता, साडेसातला बस आणि मग दिवसभर छत्री उंच धरून चालणाऱ्या गाईडच्या मागे पळणं. रोममधल्या पियाझ्झा नावोना या प्रसिद्ध चौकाच्या वाट्याला वीस मिनिटं आली. गाईडने मधल्या कारंज्यापाशी उभं राहून एक मजेदार गोष्ट सांगितली, सगळे हसले, फोटो निघाले. निघता निघता ती म्हणाली, "या चार पुतळ्यांतला एक म्हणजे तुमची गंगा बरं का!"

मी मागे वळून पाहिलं, पण तोवर छत्री गल्लीत शिरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरेदीसाठी मोकळा वेळ दिला होता. बाकीची मंडळी दुकानांकडे गेली. आम्ही विचारत विचारत परत नावोनाला आलो. लेकीने थोडं तोंड वाकडं केलं, पण आईस्क्रीमच्या कबुलीवर तयार झाली.

हा चौक चौकोनी नाही. लांबच लांब, अरुंद आणि एका टोकाला गोलाई घेतलेला. शाळेचं मैदान जसं धावण्याच्या शर्यतीसाठी आखतात, अगदी तसा. कारण तो मुळात मैदानच आहे. रोमन सम्राट डोमिशियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे शर्यतींसाठी क्रीडांगण बांधलं. पुढे लोकांनी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच घरं बांधली, मैदान मोकळं राहिलं आणि त्याचा चौक झाला. त्याच्या दोन टोकांना दोन कारंजी आहेत आणि मधोमध आहे ते 'चार नद्यांचं कारंजं'. तीच आमची मंझिल.

आधी ते दिसतं कसं ते सांगते. पाण्याच्या मोठ्या गोल हौदात ओबडधोबड दगडाचा एक डोंगर उभा आहे. डोंगर आतून पोकळ आहे, गुहेसारखा, आरपार दिसतं. आणि या पोकळीच्या बरोबर वर इजिप्तच्या ग्रॅनाइटचा सुमारे १६ मीटर उंचीचा अखंड दिसणारा चौकोनी स्तंभ उभा केलेला आहे. जमिनीपासून मोजलं तर एकूण उंची ३० मीटरच्या आसपास भरते. एवढं वजन पोकळीवर तोललेलं पाहून पोटात गोळाच येतो. उभारलं तेव्हाही लोकांना हीच धास्ती होती. डोंगराच्या चार कोपऱ्यांवर संगमरवराचे चार धिप्पाड पुरुष बसलेले. नाईल आफ्रिकेची, डॅन्यूब युरोपची, रिओ दे ला प्लाता अमेरिकेची आणि गंगा आशियाची. खाली गुहेतून एक सिंह वाकून पाणी पितोय, दुसरीकडून घोडा उसळी मारतोय, एक ताडाचं झाड वाऱ्याने वाकलंय. पाण्यात एक विचित्र प्राणी आहे. तो म्हणे अमेरिकेतला आर्माडिलो, पण कोरणाऱ्याने तो कधी पाहिला नसावा हे उघड दिसतं!

गंगा म्हणजे दाढीवाला बुवा पाहून लेक खळखळून हसली. आपल्याकडे नदी म्हटली की बाईच डोळ्यांसमोर येते. मी मराठीच्या तासाला 'ती नदी' शिकवते आणि पुढच्याच तासाला उर्दूच्या वर्गात 'दर्या बहता है' म्हणते, तेव्हा तीच नदी पुल्लिंगी होते. इटालियन भाषेतही नदीचा शब्द पुल्लिंगीच आहे आणि प्राचीन रोमन शिल्पांत नदी म्हणजे दाढीवाला, आडवा पहुडलेला पुरुष अशीच रीत. तेव्हा गंगेला दाढी आली यात नवल नाही. तिच्या, म्हणजे त्याच्या, हातात एक लांब वल्हं आहे. गंगेत मोठमोठ्या नावा चालतात एवढी बातमी रोमपर्यंत पोहोचली होती, त्याची ती खूण. हा पुतळा क्लोद पुसँ नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने घडवला. नाईलने डोक्यावरून वस्त्र ओढून तोंड झाकलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता असं सांगतात. प्लाता या नावातच चांदी आहे, म्हणून त्या पुतळ्याशेजारी नाण्यांची रास. डॅन्यूबचे हात मात्र वर पोपच्या घराण्याच्या चिन्हाकडे गेलेले. कारंजं कोणी बांधून घेतलं हे कोणी विसरू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली आहे.

तर बांधून घेणारा पोप म्हणजे इनोसंट दहावा. १६४४ मध्ये तो गादीवर आला. त्याचं पाम्फिली घराणं याच चौकात राहत होतं. घराशेजारी नवा राजवाडा उठत होता (आज तिथे ब्राझीलची वकिलात आहे) आणि घरासमोरचा चौक आपल्या इतमामाला शोभेसा व्हावा ही त्याची इच्छा. तोवर चौकाच्या मध्यभागी काय होतं, तर जनावरांना पाणी पाजायचा हौद!

मूर्तिकार जानलोरेंझो बेर्निनी हा तेव्हाचा सर्वांत नावाजलेला कलावंत, पण त्याचे दिवस फिरले होते. आधीच्या पोपचा तो लाडका, म्हणून नव्या पोपला नकोसा. त्यातच सेंट पीटर चर्चवर त्याने चढवलेल्या घंटाघराच्या भाराने भिंतीला तडे गेले आणि १६४६ मध्ये ते घंटाघर पाडून टाकण्यात आलं. एवढी नामुष्की सगळ्या शहरासमोर. कारंज्याचं काम त्यामुळे त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे, बोरोमिनीकडे जाणार होतं. पाणी या चौकापर्यंत आणायची योजनाही बोरोमिनीची आणि चार नद्यांची कल्पनाही त्याच्या आराखड्यात आधी आलेली.

मग झालं असं की बेर्निनीच्या एका बड्या हितचिंतकाने, जो पोपच्या पुतणीचा नवरा होता, त्याला गुपचूप नमुना बनवायला सांगितलं. पोप जेवून ज्या दालनातून जाणार तिथे तो नमुना ठेवला. पोप आला, पाहिला आणि तिथेच थांबला. मग म्हणाला म्हणे, की बेर्निनीचं काम ज्याला नको असेल त्याने ते पाहूच नये. काम बेर्निनीला मिळालं. हा किस्सा बेर्निनीच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात येतो, तेव्हा त्यात तिखटमीठ असणारच. पण बोरोमिनीची कल्पना आणि मेहनत बाजूला पडली ही गोष्ट खरी. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटत राहिलं. स्टाफरूममध्ये बसणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. (जाता जाता एक सांगते. रोमची मोठी मशीद १९९५ मध्ये खुली झाली. तिच्या वास्तुकारांपैकी पावलो पोर्तोगेसी हे याच बोरोमिनीचे मोठे अभ्यासक होते. मशीद आमच्या टूरच्या यादीत नव्हती, त्यामुळे ती पाहायची राहिली ती राहिलीच.)

हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आहेत. त्यांचं लक्ष पुतळ्यांकडे कमी आणि पाण्याकडे जास्त. "बघ, पाणी उंच उडत नाहीये. सगळीकडून पसरून खाली पडतंय. दाब कमी असणार," ते म्हणाले. नंतर वाचलं तर त्यांचं बरोबर निघालं. हे पाणी 'आक्वा विर्गो' नावाच्या कालव्याचं. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने तो इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधला. सुमारे २० किलोमीटरचा हा कालवा बहुतेक जमिनीखालून येतो, पंप नाही, नुसत्या उतारावर. पातळी कमी असल्याने पाणी आकाशात उडवता येत नाही. म्हणून बेर्निनीने उंची स्तंभाला दिली आणि पाण्याला डोंगराच्या कपारींतून वाहू दिलं. अडचणीलाच कामाला लावलं म्हणायचं. तो स्तंभही नवा नव्हता. डोमिशियनच्याच काळातला, शहराबाहेर आपिया रस्त्यालगत तुकडे होऊन पडलेला. ते तुकडे चौकात आणून, जोडून, १६४९ मध्ये उभे केले. त्यावरची इजिप्तची चित्रलिपी किर्खर नावाच्या विद्वान पाद्रीने 'वाचली' आणि १६५० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. पुढे १८२२ मध्ये शाँपोलियोंने ही लिपी खरोखर उलगडली तेव्हा कळलं की किर्खरचं वाचन साफ चुकीचं होतं. त्याला जिथे गूढ ज्ञान दिसलं, तिथे डोमिशियनची स्तुती होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हे तुकडे चौकात येत होते तेव्हा रोममध्ये लोक उपाशी होते.

१६४७ आणि १६४८ या वर्षांत पीक बुडालं. रोममध्ये साध्या पावाची किंमत ठरलेली असे. धान्य महागलं की किंमत तीच ठेवून पाव लहान करत. आपल्याकडे पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचचाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होत जातात, तोच हिशेब. पाव हलका होत गेला आणि कारंज्याचा खर्च मात्र लोकांवरच्या करांतून निघत राहिला. १६४७ च्या जुलैमध्ये शेजारच्या नेपल्समध्ये फळांवरच्या करावरून मोठं बंड पेटलं होतं. म्हणजे पोपला धोका दिसत नव्हता असं नाही.

रोमच्या लोकांनी दगडं मारली नाहीत, कागद चिकटवले. नावोनापासून दोन मिनिटांवर एका कोपऱ्यात पास्क्विनो नावाचा नाक तुटलेला, हात नसलेला प्राचीन पुतळा आहे. १५०१ पासून तो तिथे उभा आहे आणि तेव्हापासून लोक रात्री येऊन त्याच्यावर सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवणारे कागद डकवतात. आजही डकवतात, आम्ही स्वतः पाहिले. मात्र या वेळी कागद थेट चौकात आणून टाकलेल्या स्तंभाच्या तुकड्यांवर लागले. मजकूर साधा होता. आम्हाला स्तंभ नकोत, कारंजी नकोत, पाव हवा, असा. दुसऱ्या एकाने बायबलमधल्या प्रसंगाचा आधार घेऊन या दगडांचेच पाव होऊ देत असं लिहिलं. पोपची भावजय डोन्ना ओलिंपिया हिच्या हातात सगळा कारभार असल्याची बोलवा होती, तिलाही सोडलं नाही. तिच्या नावाची लॅटिनमध्ये फोड करून 'एके काळी धार्मिक होती' असा अर्थ काढला. या लोकांची नावं कुठे राहिली नाहीत. साहजिकच आहे, नाव लिहिलं असतं तर तुरुंगात गेले असते.

काम थांबलं नाही. १२ जून १६५१ ला कारंजं लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी पोप पाहायला आला तेव्हाचा किस्सा तिथले लोक रंगवून सांगतात. पोपने विचारलं, पाणी कधी सुटणार? बेर्निनी म्हणाला, अजून थोडा वेळ लागेल. पोप आशीर्वाद देऊन जायला वळला आणि मागून पाण्याचा धबधबा सुरू झाला. बेर्निनीने मुद्दामच खोटं सांगितलं होतं! पोप इतका खूश झाला की तू माझं आयुष्य दहा वर्षांनी वाढवलंस म्हणाला आणि कामगारांत वाटायला नाणी मागवली. दहा वर्षं काही मिळाली नाहीत. साडेतीन वर्षांनी, १६५५ च्या जानेवारीत तो वारला. त्याच्या दफनाचा खर्च करायला ओलिंपिया तयार नव्हती. मी गरीब विधवा, असं ती म्हणाली. ज्या माणसासाठी एवढा डोंगर उभा राहिला त्याचा मृतदेह काही दिवस चर्चच्या अवजारांच्या खोलीत पडून होता. आता त्याची कबर याच चौकातल्या सांत आन्येसे चर्चमध्ये, कारंज्याच्या समोर आहे.

आणि लोकांचं काय झालं? तेच लोक, किंवा त्यांचीच मुलं, या कारंज्यावर प्रेम करू लागली. कारंजं झाल्यानंतर लवकरच एक रीत सुरू झाली. ऑगस्टच्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी गटारांची तोंडं बंद करून चौकात पाणी साचू द्यायचं. श्रीमंतांच्या घोडागाड्या त्या पाण्यातून फिरत, बाकीचं शहर काठाने गर्दी करी. ही रीत दोनशे वर्षांहून अधिक काळ, १८६६ पर्यंत चालली. जनावरांच्या हौदाच्या जागी उन्हाळ्यातला तलाव आला.

आदल्या दिवशी गाईडने सांगितलेली मजेदार गोष्ट इथे पुरी करते. ती म्हणाली होती की समोरचं चर्च बोरोमिनीचं, म्हणून बेर्निनीच्या प्लाताने ते पडेल या भीतीने हात वर केलाय आणि नाईलने ते पाहवत नाही म्हणून तोंड झाकलंय. गोष्ट छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. कारंजं १६५१ चं, चर्चच्या नव्या बांधकामाला सुरुवात १६५२ ला आणि बोरोमिनी त्यावर आला १६५३ ला. जे नव्हतंच ते पुतळ्यांनी पाहायचं कसं? बेर्निनीबद्दलची एक दुसरी गोष्ट मला जास्त पटते. म्हातारपणी तो या चौकातून जाताना गाडीचा पडदा ओढून घ्यायचा आणि आपलं हे काम फारच कच्चं झालं असं म्हणायचा.

हे सगळं मी लेकीला हौदाच्या काठी बसून सांगत होते. काही आधी वाचलेलं, काही तिथल्या पाटीवरून. आईस्क्रीम संपवून ती म्हणाली, "अम्मी, मग हे बांधायला नको होतं ना?"

मी लगेच काही बोलले नाही. वर्गात असा प्रश्न आला तर दोन्ही बाजू फळ्यावर मांडून मोकळी होते. इथे लेक समोर बसली होती. "कागद लावणारे बरोबर होते," मी म्हटलं. "पोपने एक-दोन वर्षं थांबून आधी धान्य आणायला हवं होतं. डोंगर कुठे पळून जाणार नव्हता." हे म्हणाले, "पण थांबला असता तर झालंच नसतं. पैसे दुसरीकडे गेले असते. पाणी आलं हे तर चांगलंच झालं ना?" यांचा जीव पाण्यात. लेकीचं समाधान झालेलं दिसलं नाही. "तेव्हा जे उपाशी होते त्यांना काय उपयोग?" ती म्हणाली. याला आमच्या दोघांकडेही उत्तर नव्हतं, आणि ते मी तिला तसं सांगितलं.

ऊन उतरू लागलं तसे चौकात फेरीवाले वाढले. आकाशात उडवायची दिव्यांची खेळणी, स्कार्फ, पाण्याच्या बाटल्या. रोममध्ये बांगलादेशी लोक पुष्कळ आहेत. एक तिशीतला मुलगा आमच्यापाशी आला. माझी ओढणी पाहून आधी सलाम केला, मग स्कार्फ दाखवला आणि आम्ही घेणार नाही हे कळल्यावर तिथेच बसला. हिंदी सिनेमातून शिकलेल्या भाषेत बोलत होता. शरियतपूरचा. शरियतपूर पद्मेच्या काठी, आणि बांगलादेशात शिरल्यावर गंगेचंच नाव पद्मा होतं. घर कुठे म्हणून विचारलं, तर हाताने खाली दाखवून म्हणाला, "पानी में, आपा." नदीने काठ खाल्ला, आधी शेत गेलं, मग घर गेलं. आई आणि भाऊ आता ढाक्याला भाड्याने राहतात. तो इथे सहा वर्षं आहे आणि बहुतेक संध्याकाळी याच कारंज्याभोवती असतो.

यांनी विचारलं, "इथे पाणी प्यायला कुठे मिळेल?" तो आम्हाला बाजूच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे कमरेएवढा ओतीव लोखंडाचा नळ होता, वाकड्या नाकासारखी तोटी, पाणी सतत चालू. असे अडीच हजारांच्या आसपास नळ रोमभर आहेत, पाणी फुकट आणि थंडगार. त्याने तोटीचं तोंड बोटाने दाबलं तसं वरच्या भोकातून पाणी वर उसळलं. "ऐसे पीते हैं," तो म्हणाला. आम्ही ओंजळ न करता प्यायलो, बाटल्या भरल्या. ठिकठिकाणी अशी सबील ठेवणाऱ्या शहराबद्दल यांचं मत एकदम चांगलं झालं.

परत आल्यावर मी त्याला विचारलं, या चौघांतला गंगेचा पुतळा कोणता माहीत आहे का? त्याला माहीतच नव्हतं. चार नद्या आहेत एवढं गाईडांच्या तोंडून ऐकलं होतं, पण त्यातली एक आपल्या गावची हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी हौदाला वळसा घालून त्याला गंगेसमोर उभं केलं. तो बराच वेळ वर पाहत राहिला. खांद्यावरचे स्कार्फ सारखे करत, मान तिरकी करून त्याने ते लांब वल्हं नीट न्याहाळलं.

"आपा, इसने कभी नाव नहीं चलाई," तो म्हणाला. "असं टेकून बसून कोणी वल्हं मारतं का?"

मग कोणीतरी हाक मारली आणि तो स्कार्फ घेऊन पलीकडच्या टोकाला पळाला.